'सोसण्याजोगा त्रास' हे कोणी ठरवायचं?

खारघरकर: माझा मेव्हणा सीवूड्सला राहतो. कॅन्सरचे नेहमीचे उपचार संपल्यावर नव्या गोळीच्या पहिल्या टप्प्यातल्या ट्रायलमध्ये गेला. महिन्याभरानं कागदावर काय, तर 'जुलाब, ग्रेड २, सोसण्याजोगे'. ग्रेड २ म्हणजे दिवसाला नेहमीपेक्षा चार ते सहा खेपा जास्त. सीवूड्सहून सीएसएमटी, हार्बरनं तासभर, गाडीत संडास नाही. त्यानं कामावर जाणंच सोडलं. हा शब्द रुग्णाला विचारल्याशिवाय लिहूच नये.

घणसोलीची सिस्टर: असहमत. ट्रायलच्या वॉर्डात काम केलंय. पहिल्या टप्प्यात मुख्यतः डोसच शोधतात. जुनी पद्धत अशी: तिघांना एक डोस, कोणालाच गंभीर त्रास नाही तर पुढच्या तिघांना वरचा. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. दोघांना झाला की मागे. 'गंभीर' कुठून, याची पट्टी सगळ्यांना एकच हवी. जुलाबांत सात किंवा जास्त वाढले की ग्रेड ३. ज्याच्या त्याच्या मनावर सोडलं तर एखादी सोशीक आजी तोंड उघडणार नाही आणि पुढच्या तिघांच्या पोटात वरचा डोस जाईल.

खारघरकर: आजींचा मुद्दा पटला. पण डोस ठरवताना बहुतेकदा पहिल्या तीन-चार आठवड्यांचाच त्रास धरतात. गोळी रोज घ्यायची, महिनोन्महिने! अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेनं, २०२१ मध्ये कॅन्सरच्या औषधांचा डोस नीट ठरवायला 'प्रोजेक्ट ऑप्टिमस' काढला तो याचसाठी. त्याच वर्षी सोटोरासिब या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या गोळीला मंजुरी देताना कंपनीला सांगितलं, ९६० मिलिग्रॅमची तुलना कमी डोसशी करून दाखवा.

कळवा नाका: ट्रायल मिळाली हेच नशीब समजा. इथे लोक वाट बघतायत.

खारघरकर: म्हणून गप्प बसायचं?

घणसोलीची सिस्टर: मेव्हणे स्वतः डॉक्टरांना काय म्हणाले?

खारघरकर: काहीच नाही. "बोललो तर काढून टाकतील." (म्हणजे तुमची आजी आमच्याच घरात निघाली.)

घणसोलीची सिस्टर: अहो, मग पट्टीला कशाला दोष? त्रास सांगितला की सहसा आधी गोळी थांबवतात किंवा डोस उतरवतात. ट्रायलमुळे काही झालं तर आपल्याकडच्या २०१९च्या औषध-चाचणी नियमांप्रमाणे उपचार मोफत. सहीच्या दिवशी सांगतात हे, पण तेव्हा कोणाच्या डोक्यात शिरतंय! रोजची वही दिली असेल ना? ती त्यांनाच भरू दे.

खारघरकर: वही आहे. बहीण भरते. तो तिलाही दोन कमीच सांगतो.