बावटा चढला की नांगरावरची जहाजं बंदराबाहेर काढायची का?

गोदाकाठचा खलाशी (नांदेड)

वादळाचा इशारा आला की बंदराबाहेर नांगरावर उभ्या जहाजांना नांगर उचलून खुल्या समुद्रात जायला सांगतात. जालन्याचे आमचे शेठ परदेशातून भंगार आणतात. त्यांचं म्हणणं, जहाज नांगरलेलं आहे ना, मग अजून थोडी साखळी सोडा आणि गप उभं राहा, बाहेर पाठवून आमचा माल कशाला अडकवता? व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस हेच चाललं, म्हणून इथं आणलं.

माझं मत: बाहेर काढायचीच. आणि सल्ला म्हणून नाही, हुकूम म्हणून.

लोकांना वाटतं नांगराच्या वजनावर जहाज उभं राहतं. तसं नसतंय. तळाला आडवी पडलेली साखळी नांगराला जमिनीलगत ओढून धरते, म्हणून त्याचे फाळ चिखलात रुतून राहतात. वारा आणि लाटा वाढल्या की तीच साखळी ताणून तळावरून उचलली जाते, ओढ वरच्या बाजूला लागते आणि फाळ उपटतात. आणि ही नांगर-साखळी ज्या नियमांनी जहाजावर बसवतात, त्या वर्गीकरण संस्थांच्या (जहाजाची बांधणी तपासून दाखला देणाऱ्या) नियमातच लिहिलंय की ही सामग्री बंदरात किंवा आडोशाला तात्पुरतं उभं राहण्यासाठी आहे. हिशेब धरलाय तो सेकंदाला २५ मीटर वारा आणि २.५ मीटर प्रवाह एवढ्यावर, त्यात लाटा नाहीत. मोठ्या जहाजांसाठी लाटा धरून दुसरा हिशेब आहे, त्यात दोन मीटरच्या लाटा आल्या की वारा ११ मीटरवर उतरतो. चक्रीवादळात दोन मीटरची लाट म्हणजे सुरुवातसुद्धा नाही.

बंदरावर हवामानाच्या इशाऱ्याचे नंबरवार बावटे चढवतात: तीन म्हणजे जोराच्या वाऱ्याची सावधगिरी, चार म्हणजे बंदराला वादळाचा धोका. म्हणून माझी मागणी अशी: तीन नंबरचा बावटा चढला की सगळ्यांनी इंजिन तयार ठेवायचं. चार नंबर चढला की रिकाम्या जहाजांनी नांगर उचलायचा. कप्तानाला विचारत बसायचं नाही.

जालन्याचा स्टीलवाला

दादा, तुमचं पुस्तक बरोबर असंल, माझी भट्टी पण खरी आहे. इंडक्शन भट्टी बंद ठेवली तरी विजेचा स्थिर आकार येतोच, बँकेचं व्याज थांबत नाही आणि बिहारी पोरं चार दिवस काम नाही म्हणलं की गावाकडं निघतात. गेल्या खेपेला आमचं जहाज धक्क्याच्या रांगेत दुसऱ्या नंबरवर होतं. इशारा आला, बाहेर पाठवलं. वादळ गेलं गुजरातकडं, इथं नुसता भुरभुर पाऊस. जहाज परत आलं तर रांगेत मागं. बंदराचं नाव घेत नाही, पण हे असं होतंय.

आणि तीन नंबरचा बावटा पावसाळ्यात किती येळा चढतो ते मोजा एकदा. दर बावट्याला इंजिन तयार ठेवायचं म्हणजे डिझेल कुणाचं जळणार? शेवटी भाड्यातच येणार ना.

साखळी सोडा म्हणलं तर त्यात काय चुकलं, हे मला अजून कुणी नीट सांगितलं नाही.

डाळवाला लातूर

तुरीचं पण हेच. मोझांबिकची तूर समुद्रात उभी असते आणि इकडं भाव उतरत जातो. जालनेकरांना अनुमोदन.

बिंदुसरा

मराठवाड्यात बसून नांगराचा वाद! आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याचा टँकर गल्लीत कुठं लावायचा याच्यावर मारामाऱ्या होतात, तिथं आधी एक हार्बर मास्टर (जहाज कुठं उभं राहायचं ते ठरवणारा बंदराचा अधिकारी) नेमा. बाकी चालू द्या, वाचतोय.

डेकवरचा पोरगा (हिंगोली)

शेठ, साखळीचं मी सांगतो. साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल २७.५ मीटर. आमच्याकडं जुना ठोकताळा आहे: बऱ्या हवेत पाण्याच्या खोलीच्या तिप्पट अधिक ९० मीटर, वाईट हवेत चौपट अधिक १४५. वीस मीटर पाण्यात पहिला हिशेब १५० मीटर, म्हणजे साडेपाच शॅकल. दुसरा २२५, म्हणजे आठच्या वर. आता दाव्याला बांधलेला बैल जसा खुंट्याभोवती फिरतो तसं जहाज भरती-ओहोटीला नांगराभोवती गोल फिरतं. सव्वादोनशे मीटर साखळी आणि दोनशे मीटर जहाज धरलं, तर तुमचा गोल सव्वाचारशे मीटर त्रिज्येचा झाला. शेजारी पण तेवढाच गोल घेऊन उभा. गर्दीच्या जागी प्रत्येकानं साखळी सोडली तर गोल एकमेकांत घुसणार. अजून साखळी सोडायची तर आधी तेवढी मोकळी जागा पाहिजे, ती तिथं नसते.

रात्रीचं एक सांगतो. बारा ते चारचा पहारा. हार्बरमध्ये सगळ्या जहाजांचे नांगराचे पांढरे दिवे, पुढचा वरती, मागचा खाली, आणि शंभर मीटरच्या वरच्यांनी डेक उजळून ठेवायचा असा नियम, त्यामुळं लांबून गावची जत्राच वाटते. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, मी रडार आणि किनाऱ्यावरच्या दीपगृहाची दिशा दर दहा मिनिटाला बघत होतो. आकडे जागच्या जागी. तरी बोसन, म्हणजे आमचा डेकवरचा मुकादम, म्हणला, चल पुढं. त्यानं साखळीवर तळहात ठेवला आणि मला पण ठेवायला लावला. साखळी थरथरत होती, मधूनच एक दणका, मग ढिली, मग परत दणका. नांगर तळावरून उड्या मारत चालला की असं लागतं. रडारवर ते दिसायला अजून पाच-सहा मिनिटं लागली. तोवर कप्तानसाहेब वर आले होते, इंजिन रूमला फोन गेला होता.

आता हिशेब करा. तीन नॉटच्या वेगानं ओढत निघालेलं जहाज मिनिटाला ९० मीटरच्या वर सरकतं. शेजारी अकराशे मीटरवर असला तरी बारा मिनिटं.

चीफ इंजिनिअर (निवृत्त), संभाजीनगर

पोरानं चांगलं लिहिलंय. पण त्याच्याच आकड्यांवरून मी उलटं बोलणार आहे.

विंडलास, म्हणजे नांगर ओढायचं यंत्र, साखळी उचलतो ती मिनिटाला साधारण नऊ मीटर वेगानं. आठ शॅकल उचलायला वीस-पंचवीस मिनिटं, तीही हवा शांत असताना. जोराच्या वाऱ्यात साखळीवर ताण आला की विंडलास ओढतच नाही. इंजिन पुढं देऊन ताण उतरवावा लागतो. हे न करता मोटर रेटली की हायड्रॉलिक मोटर फुटते आणि पुढं उभी असलेली माणसं मरतात. असे अपघात झालेत. म्हणजे चार नंबर चढल्यावर हुकूम देणं हा मला उशीरच वाटतो. आणि घाबरून घाईत दिलेला हुकूम त्याहून वाईट.

दुसरं. समुद्रातली सुरक्षितता ज्यावर चालते त्या सोलास करारात पाचव्या प्रकरणात स्पष्ट आहे की जीव आणि पर्यावरण वाचवण्यासाठी कप्तानानं घेतलेल्या निर्णयात मालक, जहाज भाड्यानं घेणारा किंवा इतर कुणीही आड यायचं नाही. 'इतर कुणीही' हे शब्द तिथं आहेत. खलाशीबुवा म्हणतात कप्तानाला विचारायचं नाही. इंजिनाची, बॅलास्टची (तोल धरायला टाक्यांत भरलेल्या पाण्याची), माणसांची खरी हालत फक्त त्यालाच माहीत असते.

२०१२ सालचं 'प्रतिभा कावेरी' आठवा. नीलम वादळात चेन्नईजवळ नांगर ओढत किनाऱ्याला लागलं. जहाजावर इंधन आणि रसदीची टंचाई असल्याचं तेव्हाच बाहेर आलं. जीवरक्षक बोटीत उतरलेल्यांतले काही खलाशी बोट उलटून बुडाले. आता सांगा, हुकूम देऊन ते जहाज कुठं जाणार होतं? आणि ज्या बार्जला, म्हणजे सपाट तळाच्या तरंगत्या तराफ्याला, इंजिनच नसतं तिचं काय? तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, मुंबईच्या समुद्रातली पी-३०५ तशीच होती. नांगर तुटले, ती बुडाली आणि माणसं गेली, ते सगळ्यांनी वाचलंय. तिला चार नंबरचा हुकूम पुरेसा नव्हता, तिला आठवडाभर आधी टग (ओढून नेणारी बोट) लावून किनारी आणायला पाहिजे होतं.

गोदाकाठचा खलाशी (नांदेड)

काका, मान ठेवून सांगतो, 'इतर कुणीही' हे मालकाच्या दबावातून कप्तानाची मान सोडवायला आहे, बंदराचे हात बांधायला नाही. बंदराच्या हद्दीत जहाज कुठं उभं राहायचं, कुठून हलायचं, हे ठरवायचा अधिकार १९०८ च्या बंदर कायद्यापासून बंदराच्या अधिकाऱ्याला आहेच. २०२५ ला नवा कायदा आला म्हणून तो संपला नाही.

आणि कप्तानावर सोडलं की काय होतं, त्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल. जून २००७. कोळसा भरायला पन्नासहून जास्त जहाजं रांगेत नांगरलेली. वादळाचा इशारा होता. बरीच निघून गेली, काही थांबली. 'पाशा बल्कर' रिकामंच होतं, रिकामं म्हणजे पाण्याच्या वर उंच, सगळा वारा अंगावर. कप्तानानं नांगरावरच वादळ काढायचं ठरवलं. नांगर उचलला तेव्हा उशीर झाला होता, ८ जूनला सकाळी जहाज थेट शहराच्या पुळणीवर. माणसं वाचली हे नशीब. तो कप्तान मूर्ख नव्हता हो. रांगेत उभं राहायची सवय आणि रांग सुटायची भीती, एवढंच.

पी-३०५ चं तुमचं म्हणणं मात्र बरोबर. इंजिन नसलेल्यांना वेगळा नियम पाहिजे, तोही बावट्याच्या आधीचा.

परभणीची सून

माहेर रत्नागिरीचं म्हणून लिहिते. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला 'बसरा स्टार' नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं. खलाशांना सुखरूप काढलं. जहाज मात्र वर्षानुवर्षं तिथंच होतं. दिवाळीला गेले की बघायचे, बंधाऱ्याच्या दगडांना टेकलेलं, गंजाचे पापुद्रे लोंबत होते, लाट आली की आतून पोकळ धप्प आवाज यायचा. पोरं त्याच्यापुढं उभं राहून सेल्फी काढायची आणि गावातले लोक त्यात तेल किती उरलंय याची चर्चा करायचे.

तुम्ही सगळे जहाज, माल, भट्टी, भाडं याच्यावर बोलताय. किनाऱ्यावरच्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही, त्याच्या दारात मात्र हे येऊन पडतं. स्टीलवाले दादा, राग मानू नका, तुमची भट्टी दहा दिवस थंड राहील. मिऱ्याचं काय?

डेकवरचा पोरगा (हिंगोली)

ताई बरोबर बोलल्या, आणि नुसतं किनाऱ्यावर नाही, तळाला पण असतंय. समुद्राखाली तेलाच्या नळ्या, इंटरनेटच्या केबल असतात. नकाशावर तिथं नांगर टाकायला मनाई केलेली असते, पण ओढत चाललेला नांगर नकाशा बघत नाही. जानेवारी २०२१ ला कॅलिफोर्नियात वादळात नांगर ओढत गेलेल्या कंटेनर जहाजांनी तेलाची नळी जागची हलवली, तेल बाहेर आलं ऑक्टोबरात. त्या वेळी तिथं धक्का मिळायची वाट बघत जहाजांची रांगच रांग होती.

चीफसाहेबांना एक विचारायचं होतं. नांगरावर असताना मेन इंजिन उघडून काम काढायला बंदराची परवानगी लागते ना? मग वादळाच्या हंगामात ती परवानगी देतातच कामून?

चीफ इंजिनिअर (निवृत्त), संभाजीनगर

लागते. आणि प्रश्न योग्य आहे. पिस्टन बाहेर काढून ठेवलेलं जहाज म्हणजे पी-३०५ च. परवानगी मागताना लोक लिहितात 'सहा तासांचं काम' आणि स्पेअर पार्ट येईस्तोवर दोन दिवस जातात. मी ते केबिनमध्ये बसून पुष्कळदा बघितलंय. मुंबईकडं जूनपासून ही परवानगी धक्क्यावरच्या जहाजांनाच द्यावी, नांगरावरच्यांना नाही, असं मला वाटतं. पण कप्तानाला बाजूला सारून हुकूम, याला माझा विरोध कायम.

जालन्याचा स्टीलवाला

ताईंचा राग नाही. मिऱ्याचं जहाज मी पण टीव्हीवर बघितलंय, आणि खरं सांगायचं तर बघितल्यावर पहिला विचार आला की यात किती टन पोलाद आहे. धंद्याची सवय.

बरं, साखळीचं कळलं. आता माझं पण कळून घ्या. कप्तान थांबतो ते आमच्यामुळंच, असं खलाशीदादा आडून म्हणाले. रांग सुटायची भीती. मग रांगच सुटू देऊ नका ना! बंदरानं हुकूम देऊन बाहेर काढलेल्या जहाजाचा धक्क्याचा नंबर राखून ठेवा. परत आलं की त्याच नंबरवर. असं झालं तर कोणता कप्तान उगाच थांबंल आणि आम्ही तरी कशाला बोंबलू? पण ते लेखी पाहिजे. फोनवर 'बघू, करू' असलं नको.

डाळवाला लातूर

नंबर राखला तरी बाहेर फिरण्यात गेलेल्या दिवसांचं भाडं कुणाच्या माथी? आमच्या करारात खराब हवेचे दिवस आमच्याच अंगावर मोजलेत.

गोदाकाठचा खलाशी (नांदेड)

तो करार तुम्ही सही करताना वाचला होता का, डाळवाले? हवामानाचे दिवस कुणी सोसायचे ते प्रत्येक भाडेकरारात वेगवेगळं असतं, आणि ते बदलून मागता येतं. नंबर राखायची शेठची मागणी मात्र मला मान्य. तीन नंबरला इंजिन तयार, रिकाम्यांना चार नंबरला बाहेर, बाहेर गेलेल्याचा नंबर शाबूत. काका, यात कप्तानानं 'माझं इंजिन चालत नाही' असं लेखी कळवलं तर त्याला टग द्यायचा, पण मग टगचं बिल मालकाचं. एवढ्यावर तुमचा विरोध राहतो का?

चीफ इंजिनिअर (निवृत्त), संभाजीनगर

टग किती आहेत बंदरात, आणि वादळाच्या आदल्या रात्री एकदम सहा कप्तानांनी मागितले तर? आधी ते सांगा, मग बोलू.