आइसलँड रिंग रोड: कॅम्परव्हॅन की गेस्टहाउस?

सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन रेक्याविक–वीक–हॉफ्न–एगिल्सस्टादिर–अकुरेरी असा देशाभोवतीच्या रिंग रोडने फेरा मारायचा बेत आहे. कॅम्परव्हॅन घेतली तर हॉटेलचा खर्च वाचेल, असा माझा हिशेब. फोर बाय फोर लागेलच का? जाणकारांनी सांगावे.

रानवारा:
आई-बाबा सोबत आहेत ना? मग व्हॅनचा नाद सोडा! वाट्टेल तिथे लावून झोपता येत नाही, कॅम्पसाइटवरच राहावं लागतं, आणि सप्टेंबर सरताना त्यातल्या बऱ्याच बंद होतात. रात्री बाथरूमसाठी त्या वाऱ्यात बाहेर पडायचं म्हणजे... बघा बुवा. स्वयंपाकघर असलेलं गेस्टहाउस घ्या. वीक आणि हॉफ्न आधी बुक करा, गावं चिमुकली आहेत.

चाकोरी:
+१. १ नंबरच्या रस्त्याला, म्हणजे रिंग रोडला, साधी गाडी चालते. फोर बाय फोर लागते ती ‘एफ’ने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांना. डांबरी रस्त्यावर ताशी ९०, खडीवर ८०, दिवसाही हेडलाइट चालू. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने दार उलटं वाकलं तर विमा सहसा हात वर करतो. पंपावर पिन लागतो, तेव्हा कार्डाचा पिन पाठ हवा. अकुरेरीजवळच्या बोगद्याला टोलनाका नाही, पैसे ऑनलाइन भरायचे.

प्रश्नकर्ता:
आभार! व्हॅन रद्द, आईने आधीच नाक मुरडलं होतं. हॉफ्नला दोन रात्री ठेवल्या तर योकुलसारलोन (हिमनगांचं सरोवर) निवांत होईल का?

रानवारा:
होईल, तासाभराच्या अंतरावर आहे. ठेवाच.