माळकरी अण्णांना फॅटी लिव्हर: रोजचं जेवण आणि एकादशी कशी बसवू? मदत हवी आहे

नमस्कार. थोडं लांबलचक लिहिते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

माझे वडील, अण्णा, वय ६१. कराडजवळच्या गावात शेती, बहुतेक सगळा ऊसच. विशीत माळ घातली, तेव्हापासून मटण-मासे, अंडं, दारू काही नाही. फेब्रुवारीत पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर ग्रेड २ फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात मध्यम प्रमाणात चरबी साठलेली, निघालं. यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारे एसजीपीटी ७८ आणि एसजीओटी ५२, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड २३६, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३. उंची ५ फूट ६ इंच, वजन ८४ किलो, पोटाचा घेर १०२ सेंटिमीटर. डॉक्टरांनी वय, प्लेटलेट, एसजीपीटी आणि एसजीओटी घेऊन यकृत कडक होण्याच्या धोक्याचा एक हिशोब केला, तो १.३ च्या वर गेला म्हणून यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून घेतला. त्यात ७.१ किलोपास्कल आलं. यकृत अजून कडक झालेलं नाही, आत्ता सावरलं तर पुष्कळ सुधारेल, असं ते म्हणाले. सहा महिन्यांत ६ ते ८ किलो वजन उतरवा, गोड आणि तेल कमी करा, रोज चाला. एवढंच.

आता घरातलं सांगते. मी पुण्यात, पंधरा दिवसांनी माहेरी जाते. स्वयंपाक वहिनी करते आणि मनापासून करते. मी फोनवरून ‘हे घाल, ते नको’ म्हणत राहिले तर तिला काय वाटेल, याचाही विचार करावा लागतो. सकाळी पोहे किंवा उपीट, दुपारी तीन भाकरी, भाजी, वर भात-आमटी. चार वाजता चहा-टोस्ट. रात्री हरिपाठ झाल्यावर साडेनऊला पुन्हा भात. पाच माणसांत तेलाचा १५ किलोचा डबा दोन महिन्यांत संपतो. मी हिशोब केला तर माणशी दिवसाला ५० ग्रॅम निघालं. वहिनीलाही ते ऐकून धक्का बसला.

चहातली साखर आम्ही बंद केली, तर अण्णांनी गूळ घालायला सुरुवात केली. ‘आपल्या गुऱ्हाळातला आहे, बिनरसायनाचा, तो कसा बाधेल?’ त्याहून अवघड आहे उसाचा रस. विशी-बाविशीत त्यांना कावीळ झाली होती तेव्हा आजीने महिनाभर रस पाजला आणि ते बरे झाले. त्यामुळे ‘लिव्हरला उसासारखं औषध नाही’ हे त्यांच्या मनात पक्कं आहे. रिपोर्ट आल्यापासून रोज सकाळी मोठा पेला रस चालू केलाय! मी रागावले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शिवाय कोविडपासून गुळवेलीचा काढा रोज सकाळी घेतात.

उपवास महिन्यातून सहा: दोन एकादश्या आणि चार सोमवार. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, केळी. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या घरी अक्षरशः खरी झाली आहे. उपवास सोडा असं मी त्यांना कधीच म्हणणार नाही. ती त्यांच्या आयुष्याची घडी आहे.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना वाईट वाटतं. गावात लिव्हर म्हटलं की दारूच. आईने शेजारी ‘पोटाचा त्रास आहे’ म्हणून सांगितलंय. अण्णा रिपोर्टची फाइल कपाटात कुलपात ठेवतात. ज्या माणसाने चाळीस वर्षं माळेला डाग लागू दिला नाही, त्याला ही लाज वाटावी हे मला सहन होत नाही.

माझे प्रश्न: रस आणि गूळ याबद्दल त्यांना पटेल असं काय सांगू? अंडं नाही, मग प्रथिनं कुठून? उपवासाला काय द्यायचं? आषाढीला ते आळंदीहून दिंडीबरोबर पायी जातात, त्या तीन आठवड्यांत खाण्याचं काय?

प्रतिसाद १
ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. आधी रस. काविळीत माणसाला अन्न जात नाही, मळमळतं, तेव्हा गोड पातळ काहीतरी पोटात जाऊन ताकद राहते. विषाणूमुळे होणारी कावीळ बहुतेक वेळा शरीर आपणहून बरी करतं. आजींनी प्रेमाने दिलं ते त्या वेळी चुकलं असं नाही. पण आता अडचण उलटी आहे. तेव्हा अन्न कमी पडत होतं, आता यकृतात जास्तीचं साठलं आहे. साखर, गूळ, काकवी, रस, सगळ्यांत मुख्य एकच: सुक्रोज. त्यातला अर्धा भाग फ्रुक्टोज, आणि ते पचवायचं काम मुख्यतः यकृतच करतं. जास्त झालं की तिथेच त्याची चरबी बनते. मोठ्या पेल्यात सहज ३० ग्रॅम साखर जाते. शेतकरी माणसाला असं सांगून बघा: शेत उपळलेलं असताना आपण पाटाचं पाणी सोडतो का?

प्रथिनांसाठी बाहेर शोधायला नको. मटकी, हुलगा, मूग, चवळी, हरभरा यांची घट्ट उसळ दोन्ही वेळा, वाटी भरून. ताक, दही. आठवड्यातून दोनदा सोयाबीन किंवा पनीर. ताटात अर्धी भाजी-कोशिंबीर, पाव भाग उसळ किंवा घट्ट वरण, पाव भाग भाकरी. ज्वारीच्या तीनऐवजी दीड भाकरी, आणि भाकरी असेल तेव्हा भात नाही. रात्रीचं जेवण हरिपाठाच्या आधी, साडेसातला. हा एक बदल मी सगळ्यात आधी करेन. तेल मोजून काढा, आत्ताच्या निम्म्यावर आणा. वजन मात्र भराभर उतरवू नका, आठवड्याला अर्धा किलो पुरे. उपाशी राहून एकदम वजन उतरलं तर यकृताचं आणखी बिघडू शकतं.

प्रतिसाद २
काढ्याचं हलक्यावर घेऊ नका. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण एसजीपीटी वाढलेलं असताना तो चालू ठेवू नये. काढा किती वर्षं घेतात हे डॉक्टरांना नक्की सांगा. बऱ्याचदा ‘औषध काय चालू आहे’ विचारलं तर लोक काढ्याचं नाव घेतच नाहीत. ‘लिव्हर साफ करणारं’ म्हणून मिळणाऱ्या पावडरींपासूनही लांब राहा.

प्रतिसाद ३
लाजेबद्दल. मी लॅबमध्ये काम करते, रोज असे रिपोर्ट बघते. दारू न पिणारे कितीतरी असतात. पोटाचा घेर, वाढती साखर, ट्रायग्लिसराइड यांच्याशी हा आजार बांधलेला आहे. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी त्याचं नावच बदललं. ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ या जुन्या नावातल्या ‘अल्कोहोलिक’ आणि ‘फॅटी’ या शब्दांनी रुग्णांना कमीपणा येतो हेही त्यामागचं एक कारण होतं. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हा आजार घेतला. अण्णांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आणि जमलं तर आईंनी शेजारी ‘साखरेची सुरुवात आहे, म्हणून पथ्य’ असं सांगावं. ते खरंही आहे.

प्रतिसाद ४
मी नऊ वर्षं वारी करतो. वाटेत शिरा, लाडू, केळी, चहा, सगळं हातात येतं आणि नाही म्हणवत नाही. मी प्रसाद कणभर घेऊन कपाळाला लावतो, बाकीचा शेजारच्या माउलींना देतो. पिशवीत फुटाणे ठेवा. दिंडीत पिठलं-भाकरी आणि आमटी असतेच, ती पोटभर. चहा बिनसाखरेचा करून द्या म्हटलं तर स्वयंपाकाच्या मावशी आनंदाने देतात. खरी गोष्ट अशी की अण्णांचे ते तीन आठवडे चांगलेच जात असणार, रोज इतकं चालणं! अडचण उरलेल्या अकरा महिन्यांची आहे. पांडुरंगासाठी पंढरपूरपर्यंत चालता, तर रोज पाऊण तास बांधावरून चाला, असं त्यांना म्हणा.

प्रतिसाद ५
उपवासाला साबुदाणा पूर्ण बंद करा. त्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काही नाही. राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी, थोडे शेंगदाणे. आमच्याकडे भेंडीही चालते, तुमच्याकडे चालते का विचारा. भगर हवीच असेल तर लहान वाटी, ताकाबरोबर.

मूळ लेखिका
सगळ्यांचे मनापासून आभार. पाटाच्या पाण्याचं उदाहरण काल फोनवर सांगितलं. अण्णा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘उद्या रस नको म्हणून सांग वहिनीला.’ काढ्याचं मंगळवारी डॉक्टरांना विचारणार आहे, तोवर बंद ठेवायला ते तयार झालेत. रात्रीचं जेवण लवकर करायची कल्पना वहिनीला फार आवडली. तिचंही आवरायला रोज अकरा वाजतात.

एक विचारायचं राहिलं. परवाच्या एकादशीला वहिनी राजगिऱ्याची भाकरी करणार आहे, पण मागच्या वेळी तव्यावर टाकताना तुकडे झाले. उकडलेला बटाटा न घालता कशी बांधायची?

प्रतिसाद ५
कडकडीत गरम पाण्यात पीठ मळा, दहा मिनिटं झाकून ठेवा. काकडी किसून घातली तर अजून छान. भाकरीसारखी हातावर घेऊ नका, ओल्या फडक्यावर थालीपीठासारखी थापा आणि फडक्यासकट तव्यावर उलटी करा.