ट्युबा: वायबीबी-१०५ की ३२१? आणि नळीतली गुडगुड कशी घालवायची?

मंडळी, वसईतल्या ब्रास बँडसाठी बी-फ्लॅट ट्युबा (पितळेचं मोठं, खालच्या सुरांचं फुंकवाद्य) घ्यायचाय. यामाहाच्या वायबीबी-१०५ आणि वायबीबी-३२१ मध्ये निवड होत नाहीये. वाजवणं मुख्यतः चर्चमध्ये बसून, अधूनमधून वरात. शिवाय सध्याच्या ट्युबात वॉटर की (पाणी बाहेर सोडायची छोटी झडप) दाबून फुंकलं तरी गुडगुड राहते. पाणी अडतं कुठे?

प्रतिसाद १
पाण्याचं आधी. ती थुंकी कमी, श्वासातली वाफ जास्त. गार पितळेला लागून तिचं पाणी होतं. व्हॉल्व्हच्या स्लाइड (प्रत्येक कळीला जोडलेल्या, ओढून काढता येणाऱ्या नळ्या) सोडूनही नळी सुमारे १८ फूट, त्यात सखल जागा पुष्कळ, आणि वॉटर की फक्त एकदोन ठिकाणी. म्हणून कोणती कळ दाबल्यावर गुडगुडतं ते बघा. एकही कळ न दाबता आवाज आला तर पाणी मुख्य नळीत आहे. ठरावीक कळीवरच आला तर त्याच कळीच्या स्लाइडमध्ये.

स्लाइड काढताना तिची कळ दाबून धरा. न दाबता ओढली तर हवा आत शिरत नाही, स्लाइड खेचून धरल्यासारखी अडते आणि शेवटी फट्‌कन सुटते. बसवतानाही कळ दाबलेलीच हवी. वॉटर की दाबल्यावर सूर न काढता सलग, संथ फुंका. तिचं बूच झिजलं असेल तर हवा गळून खालचे सूर पोकळ येतात, तेही तपासा.

प्रश्नकर्ता
तिसरी कळ दाबली की येतो. पहिल्या-दुसरीला साफ.

प्रतिसाद १
मग तिसरी स्लाइड पूर्ण काढून उलटी करा. मुख्य नळीतलं राहिलेलं पाणी काढायला माउथपीस काढून ट्युबा नळीच्या वळणाप्रमाणे हळू फिरवा. पाणी लीडपाइपच्या (माउथपीस बसतो त्या नळीच्या) तोंडाशी यायला हवं. दिशा चुकली तर ते उलट आत जातं.

प्रतिसाद २
३२१ घ्या. १०५ पाऊण आकाराचा, हलका, लहान मुलांना सोयीचा, पण कळा तीनच. पहिली आणि तिसरी एकत्र दाबली की सूर चढा लागतो. ३२१ मध्ये तिथे चौथी एकटी, आणि तिन्हींच्या जागी दुसरी-चौथी, त्यामुळे खालचे सूर जागेवर बसतात. फक्त चौथीची स्लाइड लांब, पाणी तिथेही साठणार.

वरातीला दोन्ही अवघडच. त्यासाठी फायबरग्लासचा सूझाफोन, वायएसएच-३०१, खांद्यावर बसतो. त्याचं अंग गंजत नाही, पण व्हॉल्व्ह धातूचेच.

आणि आपल्याकडचा खारा वारा विसरू नका. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसा, ओला ट्युबा लगेच केसमध्ये कोंडू नका. पिस्टनला (कळीबरोबर वरखाली होणाऱ्या व्हॉल्व्हच्या भागाला) खोबरेल तेल अजिबात नको, ते घट्ट होऊन कळ अडकते. पिस्टनला व्हॉल्व्ह ऑइल, स्लाइडला ग्रीस.