कारवानी कुत्रा बारीकच असतो, पण भूल देताना सांभाळा

कुणीतरी लिहिलंय की कारवानीच्या (ग्रेहाउंडसारखी आपली सडपातळ, पळणारी शिकारी जात) बरगड्या दिसल्या म्हणजे मालक उपाशी ठेवतोय, ते काही पटलं नाही. पळणाऱ्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणारच, कमरेची हाडं टोचायला लागली तर खाणं वाढवा, उगाच दूध-भाकरी चारून गुबगुबीत केला की सांध्यांची वाट लागते.

पण ह्या बारीकपणातली एक गोष्ट इथे कुणीच बोललं नाही, ती म्हणजे भूल. अंगात चरबी नाही आणि लिव्हर भुलीची काही औषधं हळू पचवतं, त्यामुळे थायोपेंटोन नावाचं भुलीचं औषध दिलं की ग्रेहाउंड जातकुळीतली कुत्री तासन्‌तास शुद्धीवर येत नाहीत. आमच्याच्या मांडीची कातडी कुंपणाच्या तारेला लागून फाटली (ह्यांची कातडी म्हणजे कागदच), टाके घालायच्या आधी डॉक्टरांना हे बोललो, त्यांनी प्रोपोफॉल हे भुलीचं दुसरं औषध वापरलं आणि गडी संध्याकाळी नीट चालत घरी आला. अंगावर गोधडी मात्र टाका, भुलेत ही लगेच गार पडतात. आणि हो, रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन जास्त नि थायरॉइड कमी आलं तर लगेच गोळ्या सुरू करू नका, ह्या जातकुळीत ते बऱ्याचदा नॉर्मलच असतं.