विजेची जोडणी नसलेल्या घरात पावसाळ्यासाठी पूरक व्यवस्था कोणती ठेवावी?

प्रश्न (त्र्यंबकेश्वर तालुका)
नमस्कार. त्र्यंबकजवळील आमच्या शेतघराला महावितरणची जोडणी नाही. छतावरील २ किलोवॉटची पॅनेल आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्यांवर घर चालते. रोजचा वापर ४ युनिट आहे. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती जेमतेम २ युनिटांवर येते. आणखी चार बॅटऱ्या घ्याव्यात की जनरेटर? बोअरला १ अश्वशक्तीची मोटर आहे.

उत्तर (सिन्नर)
आधी हिशेब मांडून पाहावा. आपल्या बॅटऱ्यांची साठवण ७.२ युनिट होते. पण ट्यूब्युलर ही लेड-ॲसिड प्रकारचीच बॅटरी, आणि ती वारंवार निम्म्याच्या खाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाताशी ३.६ युनिटच धरावेत. रोज २ युनिटांची तूट असल्यास ते दोन दिवसांत संपतात, आणि बॅटऱ्या दुप्पट केल्या तरी चार दिवसांत. त्र्यंबकची झड त्याहून लांबते, हे आपल्याला सांगायला नको. शिवाय वाढीव बॅटऱ्या भरणार कशाने? अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिल्यास प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि क्षमता कायमची कमी होते.

म्हणून जनरेटरच घ्यावा. बॅटरी निम्म्यावर आली की तो सुरू करावा आणि ८० टक्क्यांच्या आसपास बंद करावा. त्यापुढे बॅटरी प्रवाह कमी कमी घेत जाते आणि इंधन मात्र जळत राहते. अधूनमधून ती पूर्ण भरू द्यावी, हे वेगळे. १५ अँपिअरने चार्जिंग करण्यास सुमारे ८०० वॉट पुरतात. पण मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्यामुळे ३ केव्हीएपेक्षा लहान जनरेटर घेऊ नये. टाकी भरणे, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामे तो चालू असतानाच उरकावीत.

उत्तर (नाशिकरोड)
जनरेटर हवाच, पण पॅनेलचा विचार राहून गेला आहे. २ किलोवॉट पॅनेल वाढवल्यास ढगाळ दिवसाचे २ युनिट ४ च्या घरात जातात आणि जनरेटर क्वचितच लागतो. फक्त चार्ज कंट्रोलरची (पॅनेलमधून बॅटरीत जाणारा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या यंत्राची) क्षमता तपासून घ्यावी. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी अर्धवट भरलेली राहिली तरी सल्फेटची भीती नसते आणि ती लवकर चार्ज होते. मात्र तूट तिनेही भरून निघत नाही. सध्याच्या बॅटऱ्या संपेपर्यंत मी तरी त्यावर खर्च करणार नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आधी पॅनेल, मग जनरेटर असे ठरवतो. जनरेटरची वायर थेट घराच्या बोर्डात जोडली तर चालेल का?

उत्तर (सिन्नर)
मुळीच नाही. ती इन्व्हर्टरच्या एसी इनपुटला किंवा चेंजओव्हर स्विचमधूनच (एका वेळी एकच पुरवठा घराला जोडणाऱ्या स्विचमधून) द्यावी. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर जनरेटरचा पुरवठा आला तर इन्व्हर्टर जळतो. काही इन्व्हर्टर स्वस्त जनरेटरची अस्थिर फ्रिक्वेन्सी स्वीकारत नाहीत, म्हणून खरेदीपूर्वी प्रत्यक्ष जोडून पाहावे. आणि पाऊस कितीही असो, जनरेटर पडवीत किंवा खिडकीखाली ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरापासून दूर, चारही बाजूंनी मोकळी अशी पत्र्याची शेड त्यासाठी करावी.