शिक्षा होते म्हणून नव्हे

भ्रष्ट पोलिसाला शेवटी शिक्षा होते म्हणून नॉयर (गुन्हेगारीवरचे काळोखे जुने हॉलिवूडपट) बघताना बरं वाटतं, असं एक मत आहे; मला ते अर्धंच पटलं. ती शिक्षा पुष्कळदा सक्तीची असायची. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून हेज कोड (पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही, याची चित्रपटउद्योगाची नियमावली) कडकपणे लागू झाला आणि गुन्हेगार, मग तो वर्दीतला का असेना, सुटलेला दाखवायची सोयच उरली नाही.

खरी गंमत त्याआधीच असते. 'टच ऑफ इव्हिल' (१९५८) मध्ये व्हार्गस या मेक्सिकन अधिकाऱ्याने बॉम्बस्फोटातल्या संशयिताच्या न्हाणीघरात बुटांचा रिकामा खोका स्वतः पाहिलेला असतो. थोड्या वेळाने त्याच खोक्यात डायनामाइट 'सापडतं'. तपास करणाऱ्या क्विनलन या अमेरिकन पोलिस अधिकाऱ्याने पुरावा पेरलाय, उघड आहे. पण (न पाहिलेल्यांनी इथेच थांबा) शेवटी संशयित गुन्हा कबूल करतो, म्हणजे त्या लबाडाचा अंदाज बरोबरच होता! मला तर त्याच्यावर धड रागावताही येईना.